उसना दम

आमच्या खिदिरपूरच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण घर चालायचं ते अण्णांच्या छातीवर. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना दमा होता. सकाळी आई आधी देवाला हात जोडायची की आधी पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकायची, हे मला कधी ठरवता आलं नाही, कारण दोन्ही ती डोळे मिटूनच करायची. आवाज बारीक शिट्टीसारखा असला तर दिवस बरा. मग पोळ्या व्हायच्या, अण्णा गोदीतल्या कस्टमच्या कचेरीत जायचे आणि मी शाळेत. पोत्यात कोंडलेल्या मांजरीच्या पिल्लांसारखा आवाज असला तर कचेरी नाही, पोळ्या नाहीत. नुसतं हुलग्याचं माडगं, आणि बशीत पेटवलेल्या दम्याच्या पुडीचा निळसर धूर. अशा दिवशी अण्णा पाटावर बसायचे, पुढे ट्रंकेवर उशा रचलेल्या, आणि उशांवर कपाळ टेकलेलं. पाठीमागून बघितलं तर वाटावं, हा माणूस कुणाची तरी माफी मागतोय.

त्या श्वासाची एक खोड होती. बाहेर जायचा तो लांबलचक, शिट्टी घालत, आणि गेला की परत यायचं नाव घ्यायचा नाही. मधे एक पोकळी असायची. त्या पोकळीत आमचं सगळं घर थांबायचं. आईचा हात कणकेत थांबायचा. मी पाढे म्हणत असले तर सात साती नंतर तोंड मिटायचं. मग आतून खर्रकन श्वास आल्याचा आवाज यायचा, आईचा हात हलायचा आणि मी एकोणपन्नास म्हणायची. त्या मधल्या वेळात मी श्वास घेत नसे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी ते करते हेही मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. लहानपणी मी बरीच मठ्ठ होते. आता माझ्या नातवाला तोच दमा आहे. तो खिशातून एक निळी नळी काढतो, तोंडात दोनदा फुस्स करतो आणि क्रिकेटला पळतो. मागे मी सवयीने श्वास धरून उभी. "आजी, मी गेलो पण!" असं फाटकातून ओरडतो तो.

कलकत्ता हे दमेकऱ्याने राहायचं गावच नव्हे. भिंतींना पावसाळाभर घाम, आणि थंडीत संध्याकाळी घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर जमिनीलगत तरंगत राहायचा. वर घरमालकीण राहायची, तिला आम्ही बौदी म्हणायचो, म्हणजे वहिनी. ती मोहरीच्या तेलात मासे टाकायची आणि ती फोडणी थेट आमच्या खिडकीतून अण्णांच्या छातीत उतरायची. पण बाई मनाची चांगली. तिच्या लक्षात आल्यापासून ती मासे टाकण्याआधी उलथनं खिडकीच्या गजांवर वाजवायची आणि ओरडायची, "दीदी, जानला बंद करुन!" बंगालीत 'जानला' म्हणजे खिडकी आणि 'करुन' म्हणजे 'करा'. आईला नवीन नवीन ते कळेना. ती गळा काढून वर विचारायची, "बंद करून पुढे काय करू?" वर तेल तापतंय, खाली आई पुढच्या वाक्याची वाट बघत उघड्या खिडकीशी उभी, आणि आत अण्णा हसून हसून खोकतायत. माझ्या आठवणीत अण्णांचं हसणं आणि खोकणं वेगळं काढता येत नाही. एकातून दुसरं निघायचं.

मी तेराएक वर्षांची असेन तेव्हा आमच्या पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रेणुदी आल्या. पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या, आमच्याच शाळेत शिकवायला लागलेल्या, पस्तिशीच्या, काटक्या, लांब पावलं टाकणाऱ्या. तिकडे गावी त्या भावांबरोबर मळ्यात हाडुडु नावाचा मातीतला खेळ खेळलेल्या. इथे आल्यावर त्यांनी क्लबाच्या मैदानात मुलींचा संघ काढायचं मनावर घेतलं आणि शाळेत येऊन विचारलं, कोण येणार. माझी मैत्रीण झर्ना हरणासारखी पळायची, तिने हात वर केला. तिने केला म्हणून मी केला. खरं सांगायचं तर संध्याकाळी घराबाहेर राहायला काहीतरी कारण हवं होतं. मी कसली खेळाडू! उंबरा ओलांडताना पाय अडखळायचा, सरळ रस्त्यावर पडायची, आणि पळायला लागले की माझे गुडघे एकमेकांशी भांडतायत असं झर्ना म्हणायची.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. सांगलीहून कुणी आलं की ज्वारीचं पीठ यायचं, ते जपून काढायच्या दिवसांपैकी तो एक. ती म्हणाली, "आता हेच राहिलं होतं. तंगड्या उघड्या टाकून मातीत लोळायचं." पण आत पाटावरून अण्णांनी मान वर केली. "कुठला खेळ म्हणालीस?"

"कबाडी. बंगालीत असंच म्हणतात. एकीने दम धरून जायचं, दुसऱ्यांना शिवायचं आणि दम सुटायच्या आत परत यायचं."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अगं वेडे, हुतुतू!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की आईने भाकरी तव्यावर टाकायची थांबवली. अण्णा तरुणपणी कृष्णाकाठी हुतुतू खेळलेले, हे मला माहीतच नव्हतं. मला ते जन्मापासून उशांवर कपाळ टेकून बसलेलेच माहीत. आई म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा गुडघे सोललेले होते दोन्ही. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा कुठून पडून आलाय."

त्याच सुमारास माझ्यावरून घरात एक वेगळंच चाललं होतं. सांगलीचा मामा मला घेऊन जायचं म्हणत होता. आईलाही तेच हवं होतं. ती म्हणायची, दोन खोल्या, त्यात आजारी माणूस, मुलगी वयात येतेय, तिकडे चार मुलींत वाढेल. अण्णा म्हणायचे, राहू दे. त्यांच्या त्या दोन शब्दांवर मी इथे टिकून होते, आणि अण्णांना एका वेळी फार शब्द परवडत नसत. मला जायचं नव्हतं. अण्णांना सोडून जाणं म्हणजे काय, याचा विचारसुद्धा मी मनात येऊ देत नसे. मी गेले तर त्यांचा श्वास परत आलाय की नाही हे कोण बघणार, अशी माझी ठाम समजूत. जणू आजवर तो माझ्या परवानगीनेच येत होता.

त्या दिवशी अण्णा म्हणाले, "खेळू दे तिला." आई चिडलेली होती. म्हणाली, "खेळू दे. त्या तुमच्या रेणुदीने हिला संघात घेतलं ना, तर हिला सांगलीला पाठवायचं नाव काढणार नाही मी. नाही घेतलं तर उन्हाळ्यात मामाकडे. चालेल?" अण्णांनी मान हलवली. मीही हलवली. आईने हे कबूल केलं कारण तिला माझे पाय माहीत होते.

पोशाखाचं आईने मनावर घेतलं ते आणखी वाईट झालं. बाकीच्या मुली फ्रॉकखाली चड्ड्या घालून यायच्या. आईने अण्णांची जुनी खाकी पाटलोण गुडघ्याखाली कापली, कमरेला नाडी ओवली आणि वर पांढरा झंपर. मी मैदानात उतरले तेव्हा बोटीवरून पळून आलेला खलाशी दिसत होते. झर्नाने विचारलं, "तुझं जहाज कुठाय?" मी तिला बोट करून गोदीकडे दाखवलं. मला वाटलं, ती खरंच विचारतेय.

रेणुदींनी एकेकीला दम धरायला लावला. पळायचं नाही, नुसतं उभं राहून म्हणत राहायचं. माझी पाळी आली आणि मी आपलं घरून शिकून आलेलं सुरू केलं, "हुतुतुतुतुतु..." सगळ्या मुली खाली बसून हसायला लागल्या. रेणुदी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ओटा की रे? पायरा डाकछे ना कि?" पायरा म्हणजे पारवा. हे काय, पारवा घुमतोय की काय? मी थांबले नाही. मला वाटलं, थांबले की गेले सांगलीला. मुली हसून दमल्या, गप्प झाल्या, एक दोघी उठून उभ्या राहिल्या, रेणुदींचे हात कमरेवरून खाली आले, तरी माझं घुमणं चालूच. शेवटी मला चक्कर आली म्हणून झर्नाने धरलं. रेणुदींनी मला खाली बसवलं. मग म्हणाल्या, "दम आहे. पाय नाहीत. आणि शब्द चुकीचा आहे." नियमात 'कबड्डी' हाच शब्द होता. दुसरा उच्चारला की बाद. मैदानात त्या दिवसापासून माझं नाव पायरा पडलं. कुसुम हे नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

पाय अण्णांनी द्यायचे ठरवले. आईच्या रांगोळीने फरशीवर मधली रेघ ओढली. पलीकडच्या बाजूला खेळाडू म्हणून पिंप, ट्रंक, शिवणाचं यंत्र आणि कोपऱ्यात पाटा. अण्णा पाटावरून सांगायचे, "ट्रंकेकडे बघायचं, आणि शिवायचं यंत्राला. जिकडे बघतेस तिकडेच जातेस, गाढवासारखी." मी यंत्राला शिवायला जायची आणि पिंपावर आदळायची. आई आतून म्हणायची, "बाद झाली का? मग ते पाणी कोण पुसणार?" अण्णांना म्हणून दाखवता येत नसे. ते पाटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरायचे आणि ओठ नुसते हलवायचे, हु-तु-तू, हु-तु-तू. मी 'कबड्डी' म्हणायची, त्यांचे ओठ 'हुतुतू' म्हणायचे. "तुझ्या त्या शब्दात दम अडतो," ते म्हणायचे. "ब वर ओठ मिटतात, ड वर जीभ आपटते. आमचं कसं, नदीसारखं." पण नियम तो नियम. ते सरकारी कारकून होते; नियमाला नावं ठेवायचे आणि पाळायचे.

त्या थंडीत अण्णा जरा बरे होते, किंवा मला तसं वाटत होतं. मैदानातून मी परत आले की आज काय झालं ते सगळं सांगायला लागायचं. खेळ झाल्यावर रेणुदी आम्हाला मुढी, म्हणजे चुरमुरे, आणि खजुराचा गूळ द्यायच्या, त्यातला गूळ मी पाटलोणीच्या खिशात घालून अण्णांना आणायची. खिसा चिकट व्हायचा, आई ओरडायची. अण्णा तो गूळ बोटावर घेऊन चाटायचे आणि विचारायचे, "झर्ना कशी वळते? डावीकडून? मग तू तिच्या उजवीकडे राहा." ही दोन महिन्यांची सुखं मी आज इथे गुळासारखी चाटत बसले आहे, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

सामना ठरला बागबाजारच्या मुलींशी. त्या सामन्यात बघून रेणुदी कायमचा संघ निवडणार होत्या. अण्णा म्हणाले, मी येणार. आई म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय. अण्णा म्हणाले, धूर सुटायच्या आत परत येऊ. शेवटी माकडटोपी, मफलर, वरून शाल असं अण्णांचं गाठोडं आईने हातरिक्षात घातलं आणि शेजारी स्वतः बसली, मांडीवर औषधाची पिशवी घेऊन. मैदानाच्या कडेला एक खुर्ची मागून आणली. अण्णा त्या खुर्चीवर पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले. आसपासची मुलं त्यांच्याकडे बघत होती. मी नाही बघितलं. त्या वयात बापाच्या माकडटोपीची लाज वाटते, आणि आईने कापलेल्या पाटलोणीचीही.

बागबाजारच्या मुलींना कुणीतरी सांगितलं होतं की यांच्यात एक मराठी आहे. मी मैदानात आले तशी त्यांच्यातली एक ओरडली, "ए, बर्गी एसेछे रे!" बर्गी म्हणजे आमचे लूट करणारे मराठी घोडेस्वार, ज्यांचं नाव सांगून तिथल्या आया अजून मुलांना झोपवायच्या. रेणुदी माझ्या कानात म्हणाल्या, "यांच्या पणज्यांनी तुम्हाला अडवायला गावाबाहेर खंदक खणला होता. आज खंदक नाहीये. जा." मला हसू आलं. पहिल्या चढाईत मी एकीकडे बघितलं आणि दुसरीला शिवले. अगदी अण्णांनी सांगितलं तसं. ती शिवणाचं यंत्र आहे असं समजूनच हात लावला. परत आले तेव्हा झर्नाने माझी वेणी ओढली आणि खुर्चीवरून टाळी ऐकू आली. एकच टाळी. दुसरी वाजवायला हात वर उचलावा लागला असता.

दुसरी चढाई. आता मला आठवतं ते असं की मी खूप आत गेले होते. बागबाजारच्या मुली मागे मागे सरत गेल्या, मला आत घेत गेल्या, आणि कडेची रेघ आली. त्या रेघेपलीकडे अण्णांची खुर्ची. मी 'कबड्डी कबड्डी' म्हणत होते, आणि मला अण्णांचे ओठ दिसले. ते माझ्याबरोबर म्हणत होते. मफलर खाली ओढून, मान पुढे काढून, डोळे मोठे करून, हु-तु-तू, हु-तु-तू. माझी जीभ त्यांच्या ओठांमागे कधी गेली मला कळलं नाही. मी 'हुतुतुतु' म्हणायला लागले. पंच गोंधळले असावेत, शिट्टी लगेच वाजली नाही. आणि तेवढ्यात अण्णांचे ओठ थांबले. उघडेच राहिले. शिट्टी घालत बाहेर गेलेला श्वास परत येईना. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळट. आई पाठ चोळायला लागली.

माझ्यात दम होता. मधली रेघ गाठून आणखी एकदा आत जाऊन यावं एवढा होता. पण मी गप्प झाले. तोंड मिटून बागबाजारच्या मुलींच्या मधोमध उभी राहिले, अण्णांकडे बघत, श्वास न घेता. त्या मुलींना कळेना. एकीने भीतभीत माझ्या खांद्याला हात लावला आणि काढून घेतला. शिट्टी वाजली. कुणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. मी हललेच नाही. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. झर्ना नंतर म्हणाली, तुझे ओठ निळे झाले होते. मग खुर्चीतून खर्रकन आवाज आला आणि त्याच क्षणी मीही श्वास घेतला, एवढा मोठा, की सगळ्या मैदानाला ऐकू गेला असेल. मला वाटलं, आई अण्णांकडे बघत असणार. ती माझ्याकडे बघत होती. पाठीवरचा तिचा हात थांबला होता. माझ्या आईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, कोण जिंकलं हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. पण तसं बघताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सामना आम्ही जिंकलो, झर्नाच्या पायांवर. घरी जाताना हातरिक्षात जागा नव्हती म्हणून मी बाजूने चालत होते. धूर सुटला होता. 

दोन दिवसांनी रेणुदी घरी आल्या. त्या येताना दिसल्या तेव्हाच मी ओळखलं, नाही म्हणायला आल्यात. चुकीचा शब्द, भर मैदानात पुतळा. आईने त्यांना पोहे केले. रेणुदींनी पोह्यातले शेंगदाणे एकेक वेचून खाल्ले आणि म्हणाल्या, पायराला संघात घेतेय. वेडी आहे, पण असा दम मी आमच्या गावच्या पुरुषांतही पाहिला नाही. शब्द मी शिकवीन.

मी आनंदाने अण्णांकडे धावले आणि उशा पाडल्या. मागून आईचा आवाज आला, शांत. आपल्या त्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या बंगालीत ती म्हणत होती, "ना दीदी. ये लडकी गर्मी में सांगली जायेगी. पक्का है." रेणुदींनी कारण विचारलं. आईने काही वेळ शब्द शोधले. मग म्हणाली, "दम ओर नय. ओर बाबार." दम हिचा नाही, हिच्या बाबाचा. रेणुदी मोठ्याने हसल्या. त्यांना वाटलं, आई अण्णांच्या शिकवण्याचं कौतुक करतेय. "हो, बापाचीच लेक!" असं म्हणत त्या चहा पिऊ लागल्या. आई हसली नाही.

त्या गेल्यावर मी आईवर अक्षरशः धावून गेले. "तू शब्द दिला होतास!"

"दिला होता," आई म्हणाली. "मोडला."

"मी संघात आलेय! मला घेतलंय त्यांनी!"

"ऐकलं मी. कपबशा उचल."

"अण्णा, सांगा ना हिला!" मी अण्णांसमोर जाऊन बसले. दरवेळी त्यांचे दोन शब्द असायचे. मी त्यांची वाट बघत राहिले. अण्णा भिंतीकडे बघत होते, जिथे घामाचा डाग नकाशासारखा वाढत चालला होता. मग त्यांनी एक श्वास घेतला, सोडला, आणि त्या मधल्या पोकळीत, मी थांबलेली असताना, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पुन्हा श्वास आला, माझाही आला. अण्णा म्हणाले, "कुसे, जा तू."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं, आईने त्यांना फितवलं. उन्हाळा येईपर्यंत मी घरात तोंड फुगवून वावरले, मैदानावर गेले नाही, आणि अण्णांनी विचारलं तरी काही सांगितलं नाही. मामा न्यायला आला तेव्हा अण्णांना स्टेशनवर येणं शक्य नव्हतं. आई उंबऱ्यापर्यंत आली. वरून बौदीने उलथनं वाजवलं आणि ओरडली, तशी आई घाईने खिडकी लावायला आत वळली. मी रिक्षात बसून मागे वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

सांगलीला मामाच्या घरी माणसं भरपूर आणि सगळ्यांच्या छात्या ठणठणीत. कुणाच्याच श्वासाचा आवाज यायचा नाही. मला ते घर बहिऱ्यासारखं वाटायचं. शाळेत मामेबहिणीने पसरवून ठेवलं होतं की ही कलकत्त्याच्या संघातली. मुलींनी पहिल्याच आठवड्यात मला मैदानात ओढलं. इथे शब्द माझा होता, माती अण्णांची होती. मी ऐटीत मधली रेघ ओलांडली, 'हुतुतू' सुरू केलं, आणि समोरची मुलगी नुसती वाकून उभी राहायच्या आतच माझा दम संपला. मी धापा टाकत उभी. सगळ्यांना वाटलं, मी गंमत करतेय. दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदाही. इतर मुलींपेक्षाही माझा दम तोकडा होता. "हीच का ती कलकत्त्याची?" कुणीतरी म्हणालं. मला रडू आलं ते बाद झाल्याचं आलं, अशी मी माझी समजूत घातली. मी सांगितलंच आहे, लहानपणी मी मठ्ठ होते.

पावसाळ्याच्या शेवटी अण्णा गेले. मामा सकाळी न्याहारीच्या वेळी मागीलदारी आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. ते कोणत्या वेळी गेले, मी तेव्हा काय करत होते, याचा मी फार दिवस माग काढत बसले. मी काहीच करत नव्हते. शाळेत होते, किंवा जेवत होते. मला काही कळलं नव्हतं. माझ्या छातीत काही थांबलं नव्हतं.

कलकत्त्याचं घर आवरून आई महिन्याने आली. टांग्यातून उतरली तेव्हा तिचं कपाळ बघवत नव्हतं. बायका जमल्या, रडारड झाली, आई रडली नाही. ती सगळ्यांच्यातून वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि मला समोर बसवून माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, त्याच्या खाली, गळ्याच्या खळगीकडे. मी अजून रागावलेली होते. मामी म्हणाली, अहो वन्सं, पाणी तरी घ्या. आईने हाताने तिला थांबवलं.

मग तिने मला विचारलं, "श्वास नीट घेतेस ना गं?"

मला वाटलं, सर्दीबिर्दीचं विचारतेय. मी म्हटलं, "घेते की. इथली हवा कोरडी आहे."

आईने मान हलवली, पदर तोंडात कोंबला, आणि तेव्हा ती रडली.